एका व्हिडिओमागे कळंबपर्यंत

धाराशिव जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की चिपळुणात सगळे एकच विचारतात, "देवीचं दर्शन नीट झालं ना?" झालं, पण घाईत आणि निघायच्या दिवशी. मी गेले होते शिक्षकांना शिकवायला. फोनवर धडा कसा रेकॉर्ड करायचा, तो मुलांपर्यंत कसा पोचवायचा, ऑनलाइन चाचणी कशी तयार करायची, असल्या गोष्टी. हे काम मी बरीच वर्षं करते आहे आणि मला ते येतं असा माझा समज होता. त्या समजाचं काय झालं ते पुढे येईलच. एक मात्र आधीच सांगून टाकते. यातल्या मुलीचं नाव मी लिहिणार नाही आणि तिच्या गावाचंही नाही. तामलवाडीच्या आसपास एक गाव, एवढ्यावर भागवून घ्या.

तुळजापूर

सोलापूरहून येणाऱ्या भाविकांच्या गाडीतून उतरले तेव्हा एका हातात प्रोजेक्टरची बॅग होती, दुसऱ्या हातात कपड्यांची, आणि मी काही म्हणायच्या आत एका बाईनं माझ्या कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट भरला. हात मोकळे नसले की माणूस फार भाविक दिसतो.

लॉजच्या मालकीणबाईंनी चहा आणून दिला. "देवी निद्रेत हाय सध्या," त्या म्हणाल्या. "आमी घरची मान्सं ह्या दिवसांत गादीवर झोपत न्हाय. तुमाला गादी हाय, काळजी करू नका." नवरात्राच्या आधी देवीला पलंगावर झोपवतात आणि ती झोपलेली असते तोवर तिची माणसं भुईला पाठ टेकतात. मला हे फार आवडलं. आमच्या कोकणात आम्ही देवाला गाऱ्हाणी घालघालून जागं ठेवतो, त्याला झोपू कोण देतो?

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये आधी शाल, मग नारळ, मग प्रत्येकाचे 'दोन शब्द'. ते दोन शब्द जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरले. मला सत्काराचा मनस्वी कंटाळा आहे आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसतो, असं आमच्या घरचे म्हणतात. पाहुणे म्हणून कळंबचे शेटे सर आले होते. सरकारी भाषेत 'तंत्रस्नेही शिक्षक'. त्यांचं स्वतःचं धड्यांचं चॅनेल आहे आणि ते जिल्हाभर बघितलं जातं. माणूस उत्साही. त्यांनी सगळ्यांना एक गोष्ट बजावली, "रेकॉर्डिंगला बसलं की फोन विमान मोडवर टाकायचा. एक फोन आला की धडा मातीत." मी मान डोलावली. ही सूचना तीन दिवसांनी माझ्याच मुळावर येणार होती.

दुपारनंतर मागच्या बाकावरून एक हात वर झाला. पन्नाशीकडे झुकलेले, बारीक अंगाचे गायकवाड सर. "मॅडम, लेकराचं तोंड न दाखवता व्हिडिओ हुतो का?"

होतो की, म्हटलं. दोन डबे समोरासमोर ठेवायचे, त्यांवर दोन फूटपट्ट्या, फूटपट्ट्यांवर फोन पालथा. खाली फक्त हात दिसतात. सगळ्यांनी करून बघितलं, हसले, मजा आली. गायकवाड सर हसले नाहीत. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

त्यांच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिची आई नवऱ्याला सोडून भावाच्या गावी आली आहे. नवरा सोलापूरचा, हात उचलणारा. पहिल्या शाळेच्या फाटकातूनच त्यानं पोरीला उचलून नेलं होतं आणि ती परत मिळेपर्यंत आईनं अन्नाला शिवलं नव्हतं. दुसरी शाळाही त्यानं हुडकली. ही तिसरी.

"लई हुशार हाय पोरगी," सर म्हणाले. "अपूर्णांक असा समजावून सांगती की म्याच ऐकत बसतो. तिचं शिकवणं दुसऱ्या लेकरांना दावावं वाटतं. पर आईनं हात जोडून सांगितलंय, सर, पोरगी कुठं हाय ते त्याला कळू देऊ नका."

"फक्त हात दिसतील," मी म्हणाले. "जबाबदारी माझी."

तामलवाडीच्या आसपास

दुसऱ्या दिवशी गायकवाड सरांच्या शाळेला भेट होती. फाट्यावर उतरले तर कडुलिंबाखालच्या पारावर चौघं म्हातारे बसलेले. "कुठनं आलाव?" एक म्हणाला. "कुणाकडं?" दुसरा. "एकल्याच?" तिसरा. चौथ्यानं माझी बॅग निरखून घेतली. आमच्याकडे घरं झाडांत लपलेली, प्रत्येकाला आपापलं फाटक आणि दगडी कुंपण, आमच्या भाषेत बेडी आणि गडगा. शेजारी कोण आलं हे दोन दिवसांनी कळतं. इथं मला शाळेपर्यंतच्या वाटेत आणखी दोघांना तीच माहिती द्यावी लागली. मी वैतागून सरांना म्हटलं, "तुमच्या गावात यायला परवाना लागतो का हो?" सर ओशाळून हसले.

दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. शाळा दोन खोल्यांची, समोर चिंच. मुलगी अंगानं किरकोळ, दोन घट्ट वेण्या, पण नजर सरळ. तिनं घरून ज्वारीची भाकरी आणली होती. डबे ठेवले, फूटपट्ट्या ठेवल्या, फोन पालथा घातला. ती ताठ बसली आणि बोलायला लागली. भाकरीचे चार भाग केले, एक बाजूला सारला, म्हणाली, "हा मामाचा, मामा शेतात गेलाय. आता किती राह्यली? तीन राह्यली म्हनू नका. चारातली तीन राह्यली म्हना." मी अनेक जिल्ह्यांत अनेक शिक्षकांचे अपूर्णांक ऐकले आहेत. इतका नीट एकाचाही नव्हता. मला खरंच भरून आलं.

पुन्हा घ्यावं लागलं नाही. सरांनी तिथंच बघितलं, मी बघितलं, सगळ्या वर्गानं बघितलं. चेहरा नाही, वेणीचं टोकसुद्धा नाही. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी वाढली, सोबत शेंगदाण्याची चटणी. मी भाताची बाई, पण त्या दिवशी भाकऱ्या किती खाल्ल्या ते विचारू नका.

संध्याकाळी सरांनी व्हिडिओ केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. पाठोपाठ 'अभिनंदन सर' आणि फुलांचे गुच्छ सुरू झाले. या लोकांची एक रीत आहे. चांगला उपक्रम दिसला की तो आपल्या सगळ्या ग्रुपवर पाठवायचा आणि स्टेटसलाही ठेवायचा, म्हणजे करणाऱ्याचा मान राहतो. शेटे सरांचा मला फोन आला, "चॅनेलवर घेऊ का?" खुशाल घ्या, म्हटलं. शनिवारी मीच तो हॉलमधल्या पडद्यावर लावला. टाळ्या थांबेनात आणि गायकवाड सर पहिल्यांदा मोकळे हसले.

रविवार

रविवारी सुट्टी होती. मी दर्शनाला निघायच्या तयारीत असताना लॉजच्या दारात गायकवाड सर आणि एक अनोळखी माणूस उभा. सरांचा चेहरा उतरलेला. तो माणूस मुलीचा मामा होता.

"सोलापुरातनं दोस्ताचा फोन आला," मामा म्हणाला. "म्हनला, तुजी भाची फोनात लई झकास बोलायली. त्याला कसं कळलं मॅडम, माजी भाची हाय म्हनून?"

"आवाजावरून?" मी म्हटलं. "चेहरा तर नाहीच."

"त्यानं तिला जन्मात बघितली न्हाय."

सरांनी फोन काढला आणि व्हिडिओ लावला. भाकरी दिसली, दोन लहान हात दिसले आणि खणखणीत आवाज आला. "नमस्कार. मी कुमारी" आणि पुढे तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, "इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा," आणि गाव, "तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव."

आपल्या मराठी शाळांतल्या पोराला पहिलीपासून हेच शिकवलेलं असतं. पाहुणे आले, परिपाठ झाला, स्पर्धा झाली की उभं राहायचं आणि एका दमात नावगावासकट परिचय द्यायचा. मी दिला आहे, तुम्ही दिला आहे. तो आपण ऐकतच नाही. खरं बोलणं त्याच्या पुढे सुरू होतं असं आपण धरून चालतो. शाळेत ऐकला, हॉलभर शिक्षकांनी ऐकला, कुणाच्या कपाळावर आठी नाही. तोंड झाकण्यासाठी एवढे डबे-फूटपट्ट्या मांडल्या आणि पत्ता मात्र दवंडी पिटून सांगितला. जबाबदारी माझी म्हणणारी मी, तिथं हातभर अंतरावर बसून माना डोलावत होते.

सरांनी ग्रुपवरचा व्हिडिओ उभ्या-उभ्या काढला. पण तो पुढे कुठे कुठे गेला होता ते देवीलाच ठाऊक.

आम्ही आधी गावात गेलो. मामाच्या घराला लागून एक खोली, तिचं दार बंद. बाहेर ओट्यावर मुलीची आई बसली होती, पायाशी भरलेली बॅग. ती रडत नव्हती, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"संध्याकाळची लातूरची गाडी हाय," ती म्हणाली. "मावसबहिनीकडं जाते. तेवढ्यात समदीकडनं निघालं तर सांगा. न्हाय निघालं तर चौथी शाळा बघायची."

"लेकराचं वरीस जाईल," सर म्हणाले.

"लेकरू गेल्यावर वरीस घिऊन काय करू, सर?"

आम्ही निघालो.

कळंबच्या वाटेवर

सगळ्यांत मोठी भीती शेटे सरांच्या चॅनेलची होती. तिथं तो कुणालाही, कधीही सापडणार. त्यांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. गायकवाड सर कपाळाला हात लावून म्हणाले, "आइतवारी ते रेकॉर्डिंगला बसत्यात. विमान मोड."

सरांच्या मेव्हण्याची गाडी घेतली. सर चालवायला, मी शेजारी फोन घेऊन. ग्रुपवर लिहिलं, 'कृपया परवाचा भाकरीचा व्हिडिओ सर्वांनी ताबडतोब काढून टाकावा.' त्याखाली पहिलं उत्तर आलं, 'अभिनंदन मॅडम.' दुसरं, फुलांचा गुच्छ. मी कप्पाळ बडवून घेतलं. न वाचता अभिनंदन करण्यात या जिल्ह्याचा हात कुणी धरू शकणार नाही. मग एकेकाला फोन करत सुटले.

"व्हय मॅडम, लई झकास झालाय. माझ्या स्टेटसला हाय अजून!"

"सर, तो काढा. आत्ता. मी फोन धरून थांबते."

"का बरं? चुकलंय का काय गणित?"

"गणित बरोबर आहे. मुलीचं नाव-गाव आहे त्यात."

मग पलीकडून, "आगं आई गं." प्रत्येक जण तिथंच थांबायचा आणि प्रत्येक जण मग पुढे ज्यांना पाठवला त्यांची नावं सांगायचा. त्या शिक्षकांनी नंतर जी धावपळ केली ती मी विसरणार नाही. एका बाईंनी तर जावेच्या माहेरच्या ग्रुपवरून तो काढायला लावला आणि मला परत फोन करून सांगितलं.

धाराशिव मागे पडलं. एरवी मी तिथले गुलाबजाम खाल्ल्याशिवाय हलले नसते. येडशीच्या पुढे माझा फोन मेला. पॉवर बँक जवळ ठेवा असं सगळ्यांना सांगत फिरणाऱ्या बाईची पॉवर बँक लॉजवरच्या गादीवर होती. सरांच्या फोनवरून सुरू ठेवलं. एकदा शेळ्यांचा कळप आडवा आला, काळ्याभोर, लांब कानांच्या, त्यांना कसलीही घाई नव्हती. सर काचेतून बघत होते.

"तोंड लपवून बी तिला बोलता यावं म्हनून म्या हे केलं," ते एकदम म्हणाले. "मॅडम, आज ती गेली तर म्या त्या वर्गात उभा कसा राहू?"

शेटे सरांच्या घरी त्यांच्या बायकोनं दार उघडलं. "ते अडत्याच्या गोदामात हायत. आइतवारी बाजार बंद, मंग तिथंच."

गोदामाचं पत्र्याचं दार आतून बंद. आम्ही ठोठावलं. काही नाही. सरांनी दगड घेऊन बडवलं. दाराच्या फटीतून एक बोट बाहेर आलं, थांबा म्हणून. मी त्या फटीला तोंड लावून ओरडले, "शेटे सर, दार उघडा, नाही तर मोडते!" माझ्या आवाजाला आमच्याकडची गुरंही वळतात.

दार उघडलं. आत छतापर्यंत सोयाबीनची, हरभऱ्याची पोती आणि मध्ये एक फळा. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून त्यांनी ही जागा शोधलेली. शेटे सर तापले होते. "पूर्ण धडा वाया गेला! झालं काय?"

गायकवाड सरांनी सांगितलं. शेटे सरांना पटेना. "तोंड कुठं दिसतंय? अवो, आमच्या चॅनेलवर एवढ्या लोकांनी दुसरं काहीच बघितलं न्हाय कधी. लेकरांचा फायदा हुतोय त्यातनं."

"सुरुवात ऐका," मी म्हटलं.

त्यांनी लावलं. ऐकलं. "बरोबर तर हाय."

"परत ऐका. तिचा बाप सोलापुरात बसून ऐकतोय असं समजा."

त्यांनी परत लावलं. जिल्हा धाराशिव येईपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, दोनदा तपासला, मला तपासायला दिला.

"कुणी कुणी बघितलं ते कळतं का?" गायकवाड सरांनी विचारलं.

"न्हाय," शेटे सर म्हणाले. "ते कळत न्हाय."

परत

ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. फाट्यावर पोचलो तेव्हा त्या दोघी मायलेकी तिथं उभ्या होत्या. मुलीच्या पाठीवर दप्तर, आईच्या हातात बॅग, पारावर तेच चौघं म्हातारे. गाडी अजून यायची होती.

सरांनी सगळं खरं सांगितलं. चॅनेलवरून निघाला, ग्रुपवरून जेवढा सापडला तेवढा निघाला. सोलापुरात कुणाच्या फोनात राहिला असेल तर सांगता येत नाही. आई ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्या फोनात हाय का अजून?"

"हाय. तुमच्या समोर काढतो."

"आधी दावा मला. समद्या दुनियेनं बघितलं, म्याच न्हाय बघितलं."

सरांनी फोन तिच्या हातात दिला. 'नमस्कार, मी कुमारी' सुरू झालं आणि ती दचकली, फोन थोडा लांब धरला. मग जवळ घेतला. भाकरीचे चार तुकडे झाले, मामाचा तुकडा बाजूला गेला, 'चारातली तीन राह्यली म्हना' आलं आणि संपलं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं.

"ही शाळंत एवढ्या मोठ्यानं बोलती?" तिनं सरांना विचारलं.

"रोजच," सर म्हणाले.

"घरात तर तोंडातनं शबूद काढत न्हाय. तिकडनं आणल्यापासनं न्हाय." मुलगी खाली बघत चपलेनं माती उकरत होती.

लातूरची गाडी आली. दार उघडलं, कंडक्टरनं हाक मारली. पारावरचा एक म्हातारा उठून आला, काठी टेकत. "जायचं तर जा, लेकी," तो म्हणाला. "पर ह्या फाट्यावरनं नवं मानूस आमाला इचारल्याबिगर गावात गेलंय का कधी? ह्या मॅडमला तरी सोडलं व्हतं का?"

मला सोडलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

आईनं पोरीकडे बघितलं. मग कंडक्टरला हातानं जा म्हणून सांगितलं. धुरळा खाली बसल्यावर ती सरांना म्हणाली, "आता काढा त्यो." सरांनी काढला. तिनं बॅग उचलली आणि गावाकडे वळली. मुलगी पुढे पळाली होती.

शेवटचा दिवस

सोमवारी शिक्षकांनी सकाळीच ठरवलं की यापुढे मुलांच्या व्हिडिओत परिचय नाही. तिच्या शाळेतही ठरलं की आई किंवा मामा यांच्याशिवाय तिला कुणाच्या हाती सोडायचं नाही. भीती गेली नव्हती. आजही गेली नसावी. मी अजून अनोळखी नंबर दिसला की दचकते.

दुपारी सरांनी मला शाळेत बोलावलं. मुलीला धडा पुन्हा करायचा होता, तिनंच हट्ट धरला होता. या वेळी भाकरी घेऊन आई आली होती आणि ती पोरीशेजारी चटईवर बसली. डबे, फूटपट्ट्या, पालथा फोन. मुलगी ताठ झाली.

"नमस्कार. मी कुमारी..." ती थांबली. मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मंग म्या कोन म्हनू?"

हे पोर तीन शाळा हिंडलं, आणि स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं एवढीच एक गोष्ट बिनधास्त करत होतं. तीही आम्ही काढून घेतली होती. मी सरांकडे बघितलं, सरांनी खिडकीबाहेर.

तिनं मग आमची वाट बघितली नाही. भाकरी हातात घेतली.

"आमच्या घरात दोघी हायत," ती म्हणाली. "भाकर एक हाय." तिनं ती बरोबर मधोमध मोडली. "ही अर्धी माझी. ही तुझी, आये, घे."

फोनच्या चौकटीत हिरव्या बांगड्यांचा दुसरा हात आला आणि त्यानं अर्धी भाकरी घेतली.